मधला पत्रा

१७ एप्रिल, गुरुवार

दुपारी चारच्या सुमारास एकदम अंधारून आलं. सांडगे वाळत घातले होते ते काढायला पळाले तर पहिली गार नेमकी माझ्या डोक्यात. आवळ्याएवढी. बुट्टी पालथी डोक्यावर घेतली नि तशीच आत. सांडगे गेले ते गेलेच. अंगणभर पांढरं झालं, त्यात कुठली गार नि कुठला सांडगा कळंना.

पत्र्यावर असा दणका सुरू झाला की माग चालू हाय का बंद ते पण ऐकू येईना. ह्यांनी माग बंद केला नि वर बघत उभे राहिले. बघायचं काय, पत्रे सासऱ्यांच्या वेळचे, गंजून पापड झालेले. एकेक गार आरपार. मागावर अर्धी साडी होती, ती झाकायला ह्यांनी काय घ्यावं, तर माझी नवीन रजई. ताडपत्री शेजारीच घडी घालून ठेवलेली. विचारलं तर म्हणे, गडबडीत दिसली न्हाय.

तेवढ्यात भिंतीवरनं आक्काची हाक. मधली भिंत पत्र्यापर्यंत गेलेली न्हाय, वर हातभर फट हाय. पलीकडं माझी थोरली जाऊ नि भावजी, अलीकडं आम्ही. आक्का म्हणाली, सुमे, माझी भांडी संपली गं गळतीखाली ठेवायला. मी म्हटलं माझीपण. मग तिनं स्टुलावर चढून कढई दिली, मी घमेलं दिलं. कुणाचं काय हिशेब राहिला न्हाय.

दोघी ओरडतोय, दोघींचे नवरे आपापल्या बाजूला वर तोंड करून गप्प.

१८ एप्रिल

गल्लीत सगळे पत्र्यावर. भाऊ भाऊ, बाप लेक, कोण धरतंय, कोण ठोकतंय. आमच्यात तसं न्हाय. आमचे हे नि थोरले भावजी (इथनं पुढं थो., एवढं लांब कोण लिहिणार) तीन वर्षं झाली बोलत न्हाईत.

कशावरनं? एका रंगावरनं. लग्नसराईची ऑर्डर होती, दोघांनी मिळून विणलेली. हे म्हणाले व्यापाऱ्यानं रामा सांगितलाय. थो. म्हणाले मोरपंखी. दोन्ही हिरवेच. दोघंही हट्टाला पेटले, अर्ध्या साड्या एका रंगात, अर्ध्या दुसऱ्या. व्यापारी शहापुरातनं आला, हातात घेऊन उजेडात धरल्या नि म्हणाला, हे दोन्ही न्हाय. सगळा माल परत. मग ह्यांच्यामुळं का त्यांच्यामुळं यावर जे जुंपलं, ते अजून संपलं न्हाय. फक्त आवाज बंद झालाय.

बोलत न्हाईत म्हणजे थेट बोलत न्हाईत. वरच्या फटीतनं सगळं ऐकू जातं, त्यामुळं माझ्याकडं बघून पण पलीकडं पोचेल अशा आवाजात चालतं. आज ह्यांनी सुरू केलं, "सांग म्हणावं, मधल्या पत्र्याला हात लावू नका म्हणावं." पलीकडनं थो. आक्काला, "तेला म्हणावं, मधला पत्रा बापानं घातलाय."

जसं काय दोघांचे बाप वेगळे.

मधला पत्रा म्हणजे भिंतीच्या डोक्यावरचा. अर्धा आमच्याकडं, अर्धा त्यांच्याकडं. सगळ्यांत जास्त भोकं त्यालाच पडल्यात.

२० एप्रिल, रविवार

हे पत्र्यावर चढले. डांबर तापवायला माझं दुधाचं पातेलं नेलं. मी स्वयंपाकघरात नव्हते, ती संधी साधली. आता त्या पातेल्यात दूध तापवलं तर कोण पिणार?

भोकावर डांबर, त्यावर कापड, वर परत डांबर, असं करतात. कापड कुठलं, तर साधी चिंधी लावली असती तर विणकराच्या घरात जन्म कशाला घेतला. ह्यांनी मागावरचे साडीचे उरलेले तुकडे घेतले, चकचकीत, काठासकट. "आपल्या मागाचं कापड फाटत न्हाय." आणि नुसतं लावणं न्हाय, काठ पत्र्याच्या नाळीला सरळ आला पाहिजे. वाकडा आला की काढायचं नि परत लावायचं. एका भोकाला अर्धा तास. मी खालनं म्हटलं, अहो, वर कोण लग्नाला येणार हाय काय बघायला? म्हणाले, डोळ्याला खुपतंय.

दुपारी ऊन तापलं. गुळगुळीत कापड, ते डांबर कशाला धरतंय? एकेक पट्टी घसरत पन्हळीत. जरीच्या काठाची एक पट्टी आक्काच्या अंगणात पडली, तिच्या तुळशीवर. आक्का फटीतनं म्हणाली, सुमे, तुळशीला साडी नेसवल्यासारखं झालंय, काढू का राहू दे?

संध्याकाळी थो. वर गेले. ते खाली आल्यावर मी अंगणातनं बघितलं, त्यांनी पण तेच केलंय, फक्त काठ वेगळा.

२१ एप्रिल

ह्यांनी माझा फुलांचा सुती परकर कापला. सुती कापड डांबर पितं, हे आता कळलं. माझ्या परकरावर शिकले.

मधल्या पत्र्याच्या सगळ्यांत मोठ्या भोकावर सकाळी ह्यांनी परकर लावला. दुपारी थो. नी त्यावर आक्काच्या जुन्या पातळाचा तुकडा. संध्याकाळी ह्यांनी परत परकर. आता तिथं पोळ्यांच्या चवडीसारखा ढीग झालाय. पलीकडच्या बंगल्याच्या गच्चीवरची बाई रोज कपडे वाळत घालायला येते, आज नुसतीच येऊन उभी राहिली.

२३ एप्रिल, बुधवार

बारीक भोकं शोधायला दोघं लागतात. खालनं एकानं अंधारात उजेड बघायचा नि काठीनं ठोकायचं, वरनं दुसऱ्यानं तिथं खूण करायची. मी खाली, हे वर. मी ठोकते, हे म्हणतात कुठं? मी म्हणते हितं. हितं म्हणजे कुठं? अहो, माझ्या डोक्यावर. तुझं डोकं मला दिसतंय काय इथनं?

त्याच वेळी पलीकडं आक्का खाली नि थो. वर. तिची काठी, माझी काठी, सगळा पत्रा वाजतोय. कुणाचा आवाज कुठला कळंना. संध्याकाळी पाणी ओतून बघितलं तर आमची सगळी भोकं तशीच, आणि आक्काची दोन तीन बुजलेली. म्हणजे आक्का ठोकत होती, नि हे डांबर लावत होते.

थो. ना कळलं. मोठ्यानं म्हणाले, "तेला म्हणावं, आमची भोकं आमी बुजवू."

मागावर असते तर एवढी पंचाईत झाली नसती. मागाच्या खडखडाटात ओरडून उपयोग न्हाय, त्यामुळं विणकरांचं सगळं हातानं चालतं. मूठ आवळली की धर. तळवा हलवला की बंद कर. कान पकडला की लाईट गेली. हे दोघं भाऊ पूर्वी शेजारी शेजारी मागावर दिवस दिवस असे खुणांवर गप्पा मारायचे, हसायचे पण. मला नवीन लग्न झाल्यावर वाटायचं, बोलता येत न्हाय काय ह्यांना. आता येतंय तर बोलत न्हाईत. आणि बोलायचं न्हाय म्हटल्यावर एकमेकांकडं बघायचं पण न्हाय, मग खुणा तरी कुठल्या.

२६ एप्रिल, शनिवार

शेवटी पत्रेवाला आला. सांबऱ्याचा बाळू मेस्त्री. गेला आठवडाभर फोनवर "नाळे बरतेनरी" म्हणत होता, उद्या येतो म्हणून. आज उजाडला त्याचा उद्या. गारा पडल्यापासनं असा भाव खातोय, फटफटीवरनं उतरला तर गल्लीतल्या चार बायका भोवती.

वर गेला, एक पाय टाकला, खाली आला. म्हणाला ह्या पत्र्यावर मांजर पण चढवू नका. परकर वगैरे बघून हसला न्हाय, एवढं बरं केलं. सगळे नवीन टाका म्हणाला. आमची बाजू ठरली, आक्काची बाजू ठरली. राहिला मधला.

मेस्त्री म्हणाला, दोनच वाटा हायत. एक, अख्खा पत्रा दोन्ही घरांवर, आता हाय तसा. न्हायतर भिंत वर काढा, पत्र्याच्या पण वर हातभर, मग दोन्हीकडं वेगवेगळे पत्रे भिंतीला टेकवू. वाटण्या झाल्या की लोक असंच करतात म्हणाला.

 पलीकडनं थो. म्हणाले, "भिंत वर काढायची."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं पण न्हाय. "काढू दे म्हणावं."

 आक्का स्टुलावर चढलेली होती फटीपाशी, तशीच खाली उतरली.

२७ एप्रिल

दोघं माग चालवायला बसले नि आम्ही दोघी फटीपाशी. ती तिच्या स्टुलावर, मी माझ्या. आवाजात कुणाला ऐकू जात न्हाय, तेवढंच बरं.

भिंत वर गेली की ही फट बंद. मी ह्या घरात आले तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती. सासूबाई देवळात गेल्या की आक्का फटीतनं दोन भाकऱ्या द्यायची, माझ्या म्हणून मी वाढायचे. टायफॉईड झालेला तेव्हा रात्रभर पलीकडनं विचारायची, सुमे, जागी हायस काय? चार्जर, विरजण, आल्याचा तुकडा, कुणाच्या घरी काय झालं, सगळं ह्या फटीतनं. दारानं जायचं म्हटलं तर चप्पल घाला, गल्लीतनं जा, दोन्ही पुरुष बघणार कशाला चालली. फटीला कोण विचारत न्हाय.

रंग त्यांचा, अबोला त्यांचा, आणि फट आमची जाणार. मला लई राग आलाय. 

आक्काला म्हटलं तू सांग की त्यांना. म्हणाली, मी काय सांगू, तीन वर्षं तेंचं एकच पालुपद, धाकटा आधी बोलू दे. मी म्हटलं ह्यांचं पण तेच, थोरल्यानं आधी बोलायचं असतं. दोघी हसलो. मग आक्का रडली. मी पण.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. चांगला दिवस म्हणून थो. नी विटा आणवल्या. ट्रॅक्टरवाल्यानं दोन्ही दारांच्या मधोमध सगळा ढीग ओतला, आमच्या दारात जायला अंग चोरावं लागतंय. हे म्हणाले, सांग, आमची वाट अडवली. थो. पलीकडनं, म्हणावं, विटा आमच्या हद्दीत हायत. हद्द कुठली, एक रांगोळी पुरत न्हाय दोन्ही दारांना एवढं अंतर.

आंबरस केलता. आक्काला वाटी दिली फटीतनं. तिच्याकडची पुरणपोळी आली. ह्यांनी खाल्ली ती, दोन. कुठनं आली विचारलं न्हाय.

१ मे

भिंतीचा गवंडी आक्काच्या माहेरचा, बोरगावचा. थो. ना दुसऱ्या गवंड्याचं काम पसंत पडत न्हाय, तोच पाहिजे. आक्कानं आज फोन केला, मला फटीतनं ऐकवत. त्याच्या घरात लग्न हाय. आक्का म्हणाली, सावकाश उरकून घ्या, आमची काय गडबड न्हाय. मग थो. ना सांगितलं, लग्न उरकल्याशिवाय येत न्हाय म्हणतोय.

माझ्या जावेला मी एवढी वर्षं भोळी समजत होते.

४ मे, रविवार

मेस्त्री पत्र्याचे नमुने घेऊन आला. हाताएवढे रंगीत तुकडे. आधी पलीकडं गेला, मग आमच्याकडं. ह्यांनी एका तुकड्यावर बोट ठेवलं तसा म्हणाला, काम सोपं झालं, दोन्ही घरांनी एकच पसंत केलाय, हा हिरवा.

ह्यांनी तुकडा हातात घेतला, उजेडात धरला. म्हणाले, हा रामा हाय.

पलीकडनं लगेच, आक्काला, "म्हणावं डोळे तपासून घे. मोरपंखी हाय."

हे म्हणाले, "सांग, रामा." तिकडनं, "मोरपंखी." मधे मी नि आक्का, नुसत्या माना हलवतोय. मेस्त्री म्हणाला, अहो, कंपनीत ह्याला नुसता हिरवा म्हणतात. दोघं भाऊ एकदम त्याच्यावर चिडले. हिरवा म्हणजे काय, हिरव्यात काय कमी परकार असतात काय? अलीकडनं एक, पलीकडनं एक, मेस्त्री मधे बावचळला. तीन वर्षांत पहिल्यांदा दोघं एका बाजूनं बोलले, ते पण मेस्त्रीच्या अंगावर.

हिरवाच ठरला. नाव ठरलं न्हाय.

९ मे, शुक्रवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

दुपारनंतर वारं सुटलं. लई मोठं. आभाळ काळंनिळं. हे माग पुसत होते. एकदम वर धाडकन आवाज, मधल्या पत्र्याच्या खालच्या टोकाचे हुक तुटले नि पत्रा उचलला. आपटतोय, उचलतोय, आपटतोय. प्रत्येक वेळी उचलला की दोन्ही घरांत एकदम आभाळ. उडून गेला असता तर खाली रस्त्यावर कुणाचा जीव घेतला असता.

हे आमच्या शिडीनं, थो. त्यांच्या शिडीनं. कुणी कुणाला बोलावलं न्हाय. वर गेले नि दोघंही त्या पत्र्यावर बसले, दोन्ही बाजूंनी. पाऊस सुरू. हे अर्ध्या चड्डीत, थो. लुंगीत. लुंगी वाऱ्यानं डोक्यावर. मेस्त्री म्हणाला होता मांजर चढवू नका.

मी नि आक्का खाली, आपापल्या स्टुलावर, फटीतनं वर बघतोय. पत्र्याला दोन फुगवटे आलेले, दोन भावांचे. मी ओरडले, अहो खाली या. पावसाच्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना. माग चालू असल्यासारखा खडखडाट.

पत्र्याचं टोक परत जरा उचललं तेव्हा फटीतनं दोघांची तोंडं दिसली. थो. ह्यांच्याकडं बघत होते. एक हात सोडला नि मूठ आवळली. धर.

ह्यांनी धरलं.

मग थो. नी तळवा खाली केला, हळू हळू, म्हणजे अंग मागं घे, टेकून बस. हे मागं टेकले. मग ह्यांनी कान पकडला. लाईट गेली. खरंच गेली होती, गल्लीभर अंधार. थो. मान हलवून हसले. मला दिसलं. आक्काला पण दिसलं, तिनं माझा हात फटीतनं घट्ट धरला.

वारं पडेपर्यंत दोघं तसेच बसून. मी नि आक्कानं साडीचा दोर करून वर फेकला, मग पत्रा बांधून खाली उतरले, आपापल्या शिडीनं.

खाली आल्यावर म्हटलं, बोललात म्हणायचं आज. म्हणाले, कोण बोललं? मी न्हाय बोललो. पलीकडं आक्कानं तेच विचारलं असावं. थो. चा आवाज आला, "मी एक शब्द काढला असला तर जीभ झडंल."

१० मे

दोघांना सर्दी. इकडं एक शिंक, तिकडं एक. उत्तर दिल्यासारखं. आक्कानं एकाच पातेल्यात काढा केला नि फटीतनं अर्धा दिला. थो. म्हणाले, "म्हणावं आलं कमी पडलंय." मी आलं टाकून परत उकळला नि पातेलं परत दिलं. कुणासाठी कुणी केलं, ते सोडा.

गच्चीवरच्या बाईनं काल फोनवर चित्रीकरण केलंय. दोन म्हातारे पत्र्यावर बसलेत, एक तळवा हलवतोय, एक कान पकडतोय. गल्लीभर फिरलं. खाली तिनं लिहिलं, योगासन.

१५ मे, गुरुवार

मेस्त्री पत्रे घेऊन आला, एकदम सकाळी, नाळे न म्हणता. आमची बाजू झाली, आक्काची झाली. मधल्यापाशी आला. म्हणाला, भिंत कुठाय? मी काय टेकवू?

विटा बाहेर पडलेल्या. गवंडी बोरगावात लग्नात.  मी मनात म्हटलं, आता ठरणार.

थो. अंगणातनं म्हणाले, गवंडी आल्यावर भिंत होणारच हाय. तोवर अख्खाच टाका. तात्पुरता.

हे आतनं म्हणाले, तात्पुरताच म्हणावं.

मेस्त्री म्हणाला तात्पुरता टाकायचा तर दोन हुक बास झाले. थो. म्हणाले सगळे टाका. मेस्त्री म्हणाला, मग काढायला त्रास. थो. म्हणाले, तो तुझा त्रास, तू सगळे टाक नि हुकांच्या वायसरांना नीट डांबर लाव.

हिरवा पत्रा पडला दोन्ही घरांवर. खाली उजेड पण हिरवट झाला, सगळे जण जरा आजारी दिसतोय. फट हाय तशीच हाय. मी आज पुरी भाजी केली.

१८ मे

विटा दारातच. आज आक्कानं दोन नेल्या, पाण्याच्या पिंपाखाली ठेवायला. मी एक नेली, चुलीपाशी पाट डुगडुगतो त्याला. संध्याकाळी आक्कानं आणखी एक, मांजर दारातनं आत येतं, दार अडवायला. 

२१ मे

कुंड्यांखाली विटा. शिलाई मशीनखाली वीट. चार बाजूंनी विटा लावून मी कडीपत्त्याला आळं केलं. आक्कानं तुळशीला नवीन कट्टा करायला घेतलाय, एवढा मोठा की तुळस त्यात हरवून जाईल. ढीग बसत चाललाय. माझ्या घरात डुगडुगणारं आता काही उरलं न्हाय, काहीतरी मोडायला पाहिजे.

२४ मे, शनिवार

बोरगावहून फोन. गवंडी मोकळा झाला, सोमवारी येतो म्हणाला. फोन थो. नी उचलला, आक्काला मधे पडायला सवड मिळाली न्हाय. दिवसभर पलीकडं भांडी आदळत होती. मी रात्री नीट जेवले न्हाय. हे म्हणाले मीठ कमी झालंय काय? मी म्हटलं, व्हय, मीठच कमी झालंय.

सोमवारी ती फट बुजणार, आणि वर पत्र्याला कापून भिंत जाणार. बाहेरनं कुणीही बघितलं की कळणार, हे दोन वेगळे झाले.

२५ मे, रविवार

पहाटेच उठले. काय करणार होते माहीत न्हाय. बाहेर आले, ढिगातली एक वीट उचलली नि पदराखाली घेतली. वळले तर थो. पायरीवर बसलेले, चहाचा कप हातात.

आयुष्यात कधी त्यांच्याशी सरळ बोलले न्हाय. वीट पदराखाली, पदर एवढा फुगलेला. म्हटलं, पिंपाखाली लावायला पाहिजे होती.

त्यांनी ढिगाकडं बघितलं.  तुळशीच्या त्या कट्ट्याकडं पण बघितलं. मग कप खाली ठेवला.

"एका विटेवर पिंप डुगडुगतंय. दोन न्या."

मी दुसरी उचलली.  आत आले तर पलीकडनं आवाज, आक्काला, नेहमीसारखा, पण एवढा मोठा की गल्लीला कळावं. "बोरगावला फोन लाव. उद्या येऊ नको म्हणावं. विटा कमी पडतायत. पावसाळा झाल्यावर बघू."

हे अंथरुणात जागेच होते. मी विचारलं, ऐकलं काय? म्हणाले, मी कशाला ऐकू. मग उठले, चप्पल न घालताच बाहेर गेले. थोड्या वेळानं आत आले तर हातात वीट. कोपऱ्यात ठेवली.

कशाला म्हणून विचारलं. म्हणाले, असू दे, लागंल कशालातरी.